ॲव्हरेज (जुन्या सेडान मोटारीचे)

एक लिटर इंधनात मोटार किती किलोमीटर धावते, ते प्रमाण. एमएच-४२ क्रमांकाची दहा-पंधरा वर्षे जुनी सेडान घेताना बारामती-इंदापूरकडचा माणूस याची चौकशी हमखास करतो. कंपनीने छापलेला आकडा मात्र चाचणीतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत मोटार रोलरवर ठरावीक क्रमाने चालवतात. तिथे वेग ताशी ९० किमीपुढे जात नाही आणि एसी बंद असतो.

भिगवण-इंदापूर भागातून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावर एकसारख्या ७०-८० च्या वेगात मोठ्या गिअरला जुनी सेडानही चांगले ॲव्हरेज देते. शंभरच्या पुढे हवेचा रोध झपाट्याने वाढतो नि ते उतरते. गाळपाच्या हंगामात कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या दोन-दोन ट्रेलींमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रखडावे लागते, तेव्हाही पेट्रोल जास्त जळते.

ऊस आता टाकीतही आला आहे, कारण त्यापासूनचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२५ मध्ये देशातले मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ई-२० (२० टक्के) वर ६-७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होता. म्हणजे १५ देणारी गाडी साधारण १४ वर येते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सीलही तपासावे लागतात. इथेनॉलमुळे ऊसउत्पादकाला आधार मिळतो, हे इथे कुणाला पटवावे लागत नाही. पण लिटरचा दर उतरत नसेल, तर घटलेल्या ॲव्हरेजचा भार जुन्या गाडीच्या मालकावर पडतो, आणि तो बहुधा ऊसवालाच असतो. दर ठरवताना हे लक्षात घेतले पाहिजे.

खरे ॲव्हरेज टाकी फुल करून काढावे. नोझल आपोआप थांबेपर्यंत पेट्रोल भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. तीन-चारशे किमीनंतर त्याच पंपावर तसेच भरून किलोमीटरला लिटरने भागावे. आकडा अचानक पडला, तर टायरमधील हवा, एअर फिल्टर, घासणारे ब्रेक, घसरणारा क्लच आणि प्लग पाहावेत. २००३ मध्ये आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग असतात. बदलताना आठही बदलावेत.