तेरड्याची गौर आणि शेताचा बांध



अंबरनाथचं शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. महाशिवरात्रीला रांगेत उभ्या राहून, पायऱ्या उतरून आपण त्या खोल गाभाऱ्यात गेलो असू. वालधुनी नदीकाठचं हे देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, अशी नोंद आहे आणि मम्वाणी राजाचं नाव आहे.

राजाचं नाव दगडात राहिलं. शंकराला वाहिलेल्या फुलांची नोंद मात्र कुठे नाही. म्हणून आज आपण त्या फुलांचा इतिहास बघू.

शंकराला रुई चालते, धोत्रा चालतो. ही झाडं कुणी वाफा करून लावत नाही. ती माळावर, वाटेच्या कडेला, शेताच्या बांधावर आपली आपण उगवतात. देवाला जे चालतं ते बायकांनी तोडून फेकलं नाही. बांधावरची फुलं टिकली ती अशा रीतिरिवाजांमुळे.

गौरीचंच बघा. कुठे खड्यांच्या गौरी असतात, कुठे मुखवट्यांच्या असतात. आपल्या कोकणपट्टीत गौर तेरड्याची. भादव्यात माहेरवाशिणी बांधावर, ओढ्याकाठी जायच्या, तेरडा मुळासकट उपटून वाजतगाजत घरी आणायच्या. गौर तीन दिवसांची पाहुणी, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणही आपलीच. पण बायका सगळा तेरडा उपटत नव्हत्या. गौरीपुरता घ्यायचा, बाकीचा ठेवायचा. मागे राहिलेल्या तेरड्याच्या बोंडांना जरा धक्का लागला की ती फुटतात आणि बी लांब उडतं. पुढच्या वर्षीची गौर तिथेच रुजते.

भाजीचंही तसंच. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, कवळा खुडायचा तो कोवळा असताना. जो हाती लागला नाही, तो मोठा होऊन फुलायचा.

आता या फुलांचा शेताला काय उपयोग? भाताला तसा काही नाही, कारण भाताला माशी लागत नाही. पण काकडी, भोपळा, कारलं यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. एकाचा पराग दुसऱ्यावर किड्यामाशीने नेला तरच फळ धरतं. वांग्याची गंमत आणखी वेगळी. त्याचा पराग बारीक नळीत बंद असतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा तो टोकाच्या भोकातून सांडतो. टाकळ्याच्या फुलाचीही तीच तऱ्हा. रुईच्या फुलावरही हाच भुंगा येतो. म्हणजे वांगी फुलायच्या आधी भुंग्याला जेवू घालतो तो बांध. पीक फुलतं थोडे दिवस, पण भुंग्याला पोट रोजचं आहे.

राहायलाही त्याला जागा लागते. भुंगा सुक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो. कित्येक रानमाश्या पोळं करत नाहीत, न नांगरलेल्या मातीत बीळ करून अंडी घालतात. अशी माती शेतात बांधावरच उरते.

आपल्या भागातले बांध कमी कसे झाले, तोही इतिहासच. १८५६ साली इथून खोपोलीकडे रेल्वे गेली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली उल्हासनगर झालं. अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरला इमारती आल्या. माणसांना घर हवं, काम हवं. त्याला आपण नावं ठेवणार नाही.

पण जिथे शेती उरली आहे, तिथेही बांध उघडे पडताहेत. बेणणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून आपणही बांधावर तणनाशक मारलं. मग भादव्यात स्टेशनबाहेरच्या बाजारात तेरड्याची जुडी विकत घेतली. आपल्याच बांधावरची गौर आपण पैसे देऊन घरी आणली, हे मनाला लागलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३० नंतरच्या पन्नासएक वर्षांत रानफुलांची ९७ टक्के कुरणं गेली. आता तिथलं सरकार शेताच्या कडेला फुलांचा पट्टा राखण्यासाठी शेतकऱ्याला पैसे देतं. एकदा मोडलेलं परत बसवायला खर्च येतो.

सगळं रान माजू द्या, असं आमचं म्हणणं नाही. उंदीर बांध पोखरतात, उंच गवतात सापाची भीती असते. पायवाटेकडची बाजू साफ ठेवा, चारा कापा. पण प्रत्येकीने निदान एक बांध तणनाशकाशिवाय ठेवावा. तिथला तेरडा, टाकळा बी पडेपर्यंत कापू नये. कुंपणातला एखादा जुना बांबू राहू द्यावा. पीक फुलावर असताना सकाळी फवारणी करू नये.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं विचारा: यंदा कुणाच्या बांधावर तेरडा आला? जिच्या बांधावर असेल, तिच्याकडून मूठभर बी मागून घ्या. पुढच्या भादव्यात गौर बाजारातून नको, बांधावरून येऊ दे.