मोजलेली मोकळी जागा

भजनाची चाल आपण कानानेच उचलतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात भजन होत नाही असे गाव विरळाच. पण वहीत असतात ते शब्द. चाल बुवांच्या गळ्यात. बुवा गेले, की चालही गेली!

ही चाल कागदावर उतरवायची कशी? दोघा मराठी पंडितांनी त्यासाठी आयुष्य वेचले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुस्तकांसाठी छापखानाही घातला. त्यांच्या लिपीत स्वर किती लांबवायचा हे स्वराखालची खूण सांगते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी तेच काम बरेचसे जागेवर सोपवले. एका मात्रेला एक घर. स्वर लांबला, तर पुढच्या घरात आडवी रेघ. एका मात्रेत दोन स्वर आले, तर त्यांच्या खाली कंस. त्रितालाच्या १६ मात्रा चार-चारांनी, मध्ये उभी रेघ. स्वराखाली त्याच मात्रेचे अक्षर आणि तळाशी तालाची खूण.

खिळ्यांच्या छपाईत इथेच जुळाऱ्याची कसोटी लागे. कागद वाचवायला त्याने खिळे दाटीने बसवले, की अक्षर शेजारच्या मात्रेखाली सरके, आणि वाचणाऱ्याची सम चुके.

तेव्हा गुरुजी, भजनी ठेक्यातली चाल फळ्यावर लिहाल, तर आधी आठ सारखी घरे आखा, मग स्वर भरा. नुसती रेघ असलेले घरही मात्राच असते. बुवांची चाल पोरांच्या गळ्यात उतरायला हवी, तर जागा देताना हात आखडू नका.