इफिसकरांस पत्र : एका अभ्यासाची कुळकथा

इफिसकरांस पत्र हे नव्या करारातले दहावे पुस्तक. त्याचे अध्याय सहाच. संत पौलाने ते कैदेत असताना लिहिले, असे परंपरा मानते. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या एखाद्या शिष्याने गुरूच्या नावाने लिहिले असावे, असे आजच्या बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. पत्र कुणाला लिहिले, हाही प्रश्नच आहे. इ.स. २०० च्या सुमाराचा पपायरस आणि चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन व सिनाई या दोन जुन्या पोथ्या यांच्या मूळ पाठात इफिस शहराचा उल्लेख पहिल्या ओळीत येत नाही. त्यावरून हे पत्र एका गावासाठी नसून अनेक मंडळ्यांनी आळीपाळीने वाचावे म्हणून लिहिलेले असावे, असा तर्क निघाला. लेखक आणि वाचक दोघांबद्दल असा वाद असूनही, ख्रिस्ती धर्मातली तारणाची शिकवण ज्या मोजक्या उताऱ्यांवर उभी आहे, त्यांत या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे स्थान फार वरचे आहे.

त्या अध्यायाचे दोन भाग पडतात. पहिल्याचा आशय असा : अपराधांमुळे माणूस जिवंतपणीच मेल्यासारखा होता, देवाने दया करून त्याला ख्रिस्ताबरोबर उठवले. हे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. ते कुणाची कमाई नाही, म्हणून त्याची बढाईही कुणाला मारता येत नाही. मात्र पत्र तिथे थांबत नाही. माणसाला नव्याने घडवले ते सत्कर्मांसाठीच, असे लगोलग पुढे येते. हा क्रम महत्त्वाचा आहे : सत्कर्मे तारणाच्या आधी मोजायची किंमत नाहीत, ती तारणानंतरची वाट आहे. पुढच्या दीड हजार वर्षांचे बरेचसे वाद हा क्रम मोडून वाचल्यामुळे झाले.

दुसऱ्या भागात यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत ख्रिस्ताने पाडली, असे म्हटले आहे. तशी एक आड खरोखरीच होती. जेरुसलेमच्या मंदिरात परक्यांना आतल्या अंगणात जाऊ न देणारा दगडी कठडा होता आणि त्यावर इशाऱ्याच्या शिळा बसवलेल्या होत्या. त्यांतली एक १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाला सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर सात ओळींचा ग्रीक मजकूर कोरलेला आहे : कोणत्याही परक्याने आत पाऊल टाकू नये, पकडला गेल्यास आपल्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. हा दगड डोळ्यांसमोर ठेवला की पत्रातल्या भिंतीचे वजन कळते. तारणात दुरावलेल्या दोन समाजांचा समेटही येतो, हे या पत्राचे खास म्हणणे.

या पत्राचे सविस्तर भाष्य प्रथम तिसऱ्या शतकात ओरिजेनने ग्रीकमध्ये केले. त्याचे आज तुकडेच उरले आहेत. त्यातला बराच ऐवज वाचला तो संत जेरोममुळे. त्याचा जन्म इ.स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन इथे झाला आणि इ.स. ३८६ पासून तो बेथलेहेमला स्थायिक झाला. पौला आणि तिची कन्या युस्टोकियुम या त्याच्या विदुषी शिष्यांच्या आग्रहावरून त्याने फिलेमोन, गलती, इफिस आणि तीत या चार पत्रांवर लॅटिन भाष्ये सांगितली. इफिसकरांस पत्रावरचे भाष्य तीन भागांचे आहे. तो तोंडी सांगे आणि लेखनिक उतरवून घेत. ओरिजेन, अपोलिनारिस आणि दिदिमुस यांच्याकडून किती घेतले, हे त्याने प्रस्तावनेतच कबूल केले आहे.

हेच ऋण पुढे त्याच्या अंगाशी आले. अखेरीस सर्व बुद्धिमान जीव, पतित देवदूतसुद्धा, पूर्वपदाला येतील, हा ओरिजेनचा विचार जेरोमच्या भाष्यातही उतरला होता. इ.स. ४०१ च्या सुमारास रुफिनुसने, म्हणजे त्याच्या तरुणपणीच्या मित्रानेच, या भाष्यातले उतारे काढून त्याच्यावर ठपका ठेवला. आपण फक्त पूर्वसूरींची मते नोंदवली, असे उत्तर जेरोमने दिले. त्याची बाजू पूर्ण पटत नाही, कारण भाष्यात कुठली मते कुणाची हे अनेक ठिकाणी सांगितलेलेच नाही. पण तारण सर्वांचे की काहींचे, हा प्रश्न या पत्राच्या अभ्यासात तेव्हाच उभा राहिला आणि तो विझला नाही.

लॅटिन बायबल जेरोमचे म्हणून ओळखले जाते. पौलाच्या पत्रांचे त्यातले संस्करण मात्र बहुधा दुसऱ्या कुणाच्या हातचे आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली हा पाठ प्रमाण ठरवला आणि १५४७ साली, ल्यूथरपंथीयांशी चाललेल्या वादात, कृपा आणि सत्कर्मे यांच्या नात्यावर निर्णय दिला. वसई आणि साष्टी १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आली होती, त्यामुळे तिथल्या पाद्रींच्या हाती आले ते हेच लॅटिन बायबल. मराठीत तारणाची कथा प्रथम सविस्तर आली ती फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त, १६१६ साली, ओवीबद्ध रूपात.

पत्रे मराठीत छापली गेली ती नंतर. विल्यम कॅरींच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मोडी लिपीत नवा करार निघाला, १८२६ साली मुंबईच्या अमेरिकन मिशनचा. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून केलेले भाषांतर त्यांच्या पश्चात, १९२४ साली, पुरे छापून झाले. कॅथलिक वाचकांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली मिळाले. दरम्यान १९९९ मध्ये आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी कृपेच्या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या; त्यातला सामाईक कबुलीचा भाग दुसऱ्या अध्यायातल्या क्रमाशी चांगला जुळतो.

मिस्सेतली वाचने १९६९ च्या सुधारणेनंतर तीन वर्षांच्या चक्रात मांडली गेली. त्यातल्या दुसऱ्या वर्षी या पत्राचा दुसरा अध्याय कानावर येतो, पण तुकड्यांनी. कृपेचा भाग, चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंतचा, प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी येतो. भिंतीचा भाग, तेरा ते अठरा वचने, सामान्य काळाच्या सोळाव्या रविवारी. एकोणीस ते बावीस ही शेवटची वचने दरवर्षी ३ जुलैला, संत थॉमसच्या सणाला वाचतात. २०२४ साली पहिले दोन भाग १० मार्च आणि २१ जुलैला आले, म्हणजे मध्ये चार महिन्यांहून अधिक अंतर. आरंभीची तीन वचने आणि अकरावे-बारावे वचन रविवारच्या या वाचनांत नाहीत. दोन्ही भागांचा सांधा त्या अकराव्या-बाराव्या वचनांतच आहे, त्यामुळे तो पाहायचा तर अध्याय घरी किंवा अभ्यासगटात सलग वाचावा लागतो.