काबायानच्या गुहा : वस्तू की पूर्वज?

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, उत्तरेच्या डोंगरांत बेंगेट नावाचा प्रांत आहे. तिथल्या काबायान भागात इबालोई लोकांच्या दफनगुहा आहेत. बाहेरची माणसं तिथे 'ममी बघायला' जातात.

ममी म्हटलं की आपल्याला इजिप्त आठवतं. पण इथली रीत वेगळी. इजिप्तमध्ये पोटातले अवयव काढून, क्षार वापरून देह वाळवत. इबालोई लोक देह बसत्या स्थितीत ठेवायचे आणि मंद आगीच्या धुराने सुकवायचे. अंगाला वनस्पतींचा रस चोळायचे. काम आठवडेच्या आठवडे चालायचं. खर्चही मोठा, त्यामुळे हा मान मुख्यतः प्रतिष्ठितांनाच मिळे. मग गुडघे पोटाशी घेतलेला तो देह पाइनचा ओंडका कोरून केलेल्या पेटीत ठेवत, आणि पेटी गुहेत.

स्पॅनिश राजवटीत ही रीत मागे पडली. पूर्वजांशी नातं मात्र टिकलं. ते कसं, हे अपो अन्नूच्या गोष्टीवरून कळतं. 'अपो' हा वडीलधाऱ्यांसाठी, पूर्वजांसाठी आदराचा शब्द. अंगभर गोंदलेला हा देह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुहेतून चोरीला गेला, हातोहात फिरला, प्रदर्शनातही मांडला गेला. अखेर १९८४ मध्ये तो बेंगेटला परत आला. मधल्या काळातली संकटं या चोरीमुळेच ओढवली, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा.

आता, ही श्रद्धा खरी की खोटी, यात इतिहासकाराने अडकू नये. तिच्यातून त्याला एक पुरावा मिळतो : गावाच्या लेखी अपो अन्नू ही पुराणवस्तू नव्हती, घरातून हरवलेलं वडीलधारं माणूस होतं.

१९७३ च्या अध्यक्षीय फर्मान क्रमांक २६० मध्ये काबायानच्या गुहांची नोंद झाली, कायद्याचं संरक्षण मिळालं. काही गुहांना लोखंडी गज आणि कुलपं आहेत. चोर थांबवायला ती हवीतच. पण कायदा सांगतो, हा राष्ट्राचा ठेवा; गाव म्हणतं, ही आमची माणसं. दोन्ही दावे खरे आहेत, आणि पाहुण्याला दोन्ही पाळावे लागतात. म्हणून आधी परवानगी घ्यायची. गावातलं जाणतं माणूस पूर्वजांना नैवेद्य दाखवून, प्रार्थना करून दार उघडेल, तोवर बाहेर थांबायचं. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण दार वाजवतोच की!