वसईतील कॅथलिक समाजाची जुन्या गोव्याची बसयात्रा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्रातील तीर्थयात्रांचा अभ्यास प्रामुख्याने पंढरीच्या वारीभोवती झाला आहे व ते स्वाभाविकही आहे. ख्रिस्ती समाजाविषयीचे लेखन मात्र बहुधा धर्मांतर, चर्चवास्तू आणि मिशनरी यांच्यापाशीच थांबते. वसई परिसरातील सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी कॅथलिक कुटुंबे गावातून एक बस ठरवून जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जातात, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणास वाटत नाही. ही यात्रा पोर्तुगीज काळापासून अखंड चालत आलेली परंपरा नसून, आजच्या स्वरूपात ती गोवामुक्तीनंतरच्या काळाची निर्मिती आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

दर्शन, सीमा आणि मार्ग

झेवियर यांचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर झाला. १५५४ मध्ये त्यांचे शव गोव्यात आणण्यात आले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पहिले सार्वजनिक शवप्रदर्शन १७८२ साली भरविण्यात आले. शव बदलण्यात आल्याची वदंता पसरली होती, तिचे निराकरण करणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजेच आज श्रद्धेचा महोत्सव मानल्या जाणाऱ्या या प्रथेच्या मुळाशी एक संशय आहे. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या हातून जाऊन चार दशके उलटली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यानंतर वसईचे ख्रिस्ती व गोव्याचे ख्रिस्ती यांच्यामध्ये एक राजकीय सीमा उभी राहिली. ती दोन शतकांहून अधिक काळ टिकली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईकडून गोव्यास जाण्याचे प्रमुख मार्ग दोन : आगबोट, किंवा पुणे, लोंढा, कॅसलरॉकमार्गे रेल्वे. दोन्ही मार्ग व्यक्तीचे वा कुटुंबाचे होते. संपूर्ण गावाने एकत्र बसून जाण्याचे ते साधन नव्हते. १९५२ साली झेवियर यांच्या चारशेव्या पुण्यतिथीनिमित्त शवप्रदर्शन झाले, परंतु तोवर भारत व पोर्तुगाल यांचे संबंध बिघडत चालले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्या वर्षी रेल्वेचा दुवाही तुटला. आज वसईहून निघालेली यात्रेची बस बांद्याच्या पुढे ज्या ठिकाणी गोव्यात प्रवेश करते, ते हेच पत्रादेवी होय. तेथे हुतात्मा स्मारक आहे. भाविकांचा मार्ग आणि मुक्तिलढ्याचा मार्ग येथे एक होतात, याची नोंद भाविकांनी घेतली नाही तरी इतिहासकाराने घ्यावयास हवी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतरचे पहिले शवप्रदर्शन १९६४-६५ मध्ये भरले व तेव्हापासून दर दहा वर्षांनी ते भरत आहे. याच सुमारास, डिसेंबर १९६४ मध्ये, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईस आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली होती. सीमा नाहीशी होणे आणि लॅटिनऐवजी मराठीतून मिस्सा व प्रार्थना रूढ होऊ लागणे, या दोन घटना जवळजवळ एकाच काळात घडल्या. बसयात्रेचा जन्म समजून घेण्यासाठी हा योग निर्णायक वाटतो.

बस : एक चालते धर्मग्राम

सुमारे सहाशे किलोमीटरचा हा प्रवास बहुधा रात्रीचा असतो. एस. टी. महामंडळाची प्रासंगिक करारावरील गाडी किंवा खासगी आरामगाडी ठरविली जाते. वर्गणी गोळा करणारा, आसनांची यादी करणारा कोणीतरी जबाबदार गृहस्थ असतो. गाडी सुटताच जपमाळेची प्रार्थना सुरू होते, मग गीते, मग गप्पा. ज्या विधवा वा वृद्ध स्त्रियांना एकटीने परप्रांती जाणे अवघड, त्यांना शेजारणीसोबत जाता येते. स्त्रियांच्या प्रवासस्वातंत्र्याच्या इतिहासात या गाड्यांना स्थान मिळावयास हवे, असे माझे मत आहे.

व्हिक्टर व एडिथ टर्नर यांनी १९७८ च्या ग्रंथात तीर्थयात्रेत सामाजिक भेद तात्पुरते विरतात व समभावाचा अनुभव येतो, असे मांडले. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी त्यापूर्वीच, वारीसोबत स्वतः चालून, दिंडीत एकत्र गाणारे वारकरी जेवावयास मात्र जातवार वेगळे बसतात हे नोंदविले होते. वसईच्या बसला कर्वे यांचे निरीक्षण अधिक लागू पडते. एक बस म्हणजे सहसा एका धर्मग्रामातील, अनेकदा एकाच आळीतील माणसे. आत समभाव असतो यात शंका नाही. पण तो आधीच जवळ असलेल्यांचा समभाव असतो. शेजारच्या गावची माणसे शेजारच्या बसमध्ये असतात.

१९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. जुन्या गोव्याजवळ करमळी स्थानक आहे, वसई रोडहून गाड्याही आहेत. तरीही बस मागे पडली नाही, कारण रेल्वे प्रवाशांना पोहोचविते तर बस समूहाला नेते. ती चर्चच्या दारातून निघते आणि तेथेच परतते. परतीच्या वाटेवर समुद्रकिनारा, काजूची खरेदी हेही असते. काही धर्मगुरूंना हे खटकते. परंतु जत्रेतील खरेदी जर जत्रेचाच भाग, तर काजूने काय पाप केले?

साधनांचा प्रश्न

या यात्रांची साधने अत्यंत नाशवंत आहेत : वर्गणीच्या पावत्या, आसनांच्या हस्तलिखित याद्या, चर्चच्या सूचनाफलकावरील कागद, बसपुढे उभे राहून काढलेली समूहछायाचित्रे. शवपेटी, बॅसिलिका, राजाज्ञा यांची कागदपत्रे पुराभिलेखागारांत सुरक्षित आहेत. १९६४-६५ च्या गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला, त्या पिढीतील हयात माणसे आता वयोवृद्ध आहेत. वसई परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास हे काम एका शैक्षणिक वर्षात सुरू होऊ शकते. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही.