१ ऑगस्ट १९२० : एक दिवस, तीन घटना

शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली लिहिला जाणारा दिनविशेष हा विद्यार्थ्याला मिळणारा इतिहासाचा पहिला धडा होय. १ ऑगस्टला तेथे लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे यांची जयंती अशा दोन नोंदी असतात आणि दोन्ही प्रतिमांना एकाच वेळी हार घातले जातात. मात्र हे निधन व हा जन्म एकाच वर्षीचे, १९२० मधील आहेत आणि त्याच दिवशी तिसरीही घटना घडली, हे सहसा ध्यानात येत नाही.

३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांची प्राणज्योत मालवली. गिरगाव चौपाटीच्या वाळूत, अफाट जनसमुदायासमोर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. या लोकनेत्याच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ वर्गात झाला होता. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापून त्यांनी तेथे अध्यापन केले होते.

असहकार आंदोलनाच्या प्रारंभासाठी महात्मा गांधींनी हाच दिवस आधीपासून मुक्रर केला होता. त्या दिवशी त्यांनी ‘कैसर-ए-हिंद’ पदक सरकारला परत केले. सरकारी शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार हे या आंदोलनाचे एक प्रमुख अंग होते. त्यातूनच पुढे गुजरात विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया, काशी विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी वाटेगाव येथे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध अवघा दीड दिवसाचा. अस्पृश्यतेच्या त्या काळात शाळेत त्यांचा निभाव लागला नाही. पुढे आईवडिलांसह ते पायी मुंबईस आले, गिरणीत राबले आणि स्वप्रयत्नाने लिहिते झाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या साहित्यिकाच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

पहिल्या दोन घटनांमागे शिक्षण कसे असावे, याचा विचार आहे. तिसरी घटना ते कोणाला मिळाले नाही, याची आठवण देते. अण्णा भाऊंनी शाळेवाचून साहित्य निर्माण केले, हे त्यांचे कर्तृत्व. त्यांना शाळा लाभली नाही, हे समाजाचे न्यून. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने फळ्यावरील त्या दोन ओळी लिहिताना या तिन्ही घटना एकत्र स्मराव्यात आणि आपल्या दारापर्यंत अद्याप कोणते मूल पोहोचलेले नाही, याचाही शोध घ्यावा.