सत्तर जागांची लिपी

मोहाडीत आमच्या घरी तीन पिढ्या नांदतात; मोबाईल मात्र पाचव्या पिढीत पोचला. टूजी, फोरजीतला ‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. पहिली पिढी १९७९ साली टोकियोत सुरू झाली, ती बोलण्यापुरती. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो थेट दुसऱ्या पिढीचा.

टूजीचा मूळ वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे पाच एमबीच्या गाण्याला सुमारे सत्तर मिनिटे. थ्रीजीच्या दोन मेगाबिटला वीस सेकंद, फोरजीच्या वीस मेगाबिटला दोनच.

पण श्रोतेहो, टूजीने एसएमएसही दिला. एका संदेशात १४० बाइट. इंग्रजी अक्षराला सात बिट, म्हणून १६० अक्षरे मावत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून ७०. काना-मात्राही वेगळी मोजली जाई. ‘मोहाडी’ ही तीन अक्षरे, पण जागा सहा! मग मी कवितेच्या ओळी रोमन लिपीत पाठवू लागलो. तिथे ‘काळ’ आणि ‘काल’ सारखेच दिसत. एका अक्षरापायी कवितेचा अर्थ हरवे.

२००८च्या डिसेंबरात दिल्लीत थ्रीजी, २०१२ साली कोलकात्यात फोरजी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजी आले. संदेश इंटरनेटवरून जाऊ लागले आणि ७०चे कुंपण गेले. तरीही माझे बोट अधूनमधून रोमनकडे वळते. आता दोष वेगाचा नाही, सवयीचा आहे. आणि सवय आपणच मोडायची असते.